नाण्यांवरील अक्षरभेद आणि त्यांचे मोल

जुन्या नाण्यांच्या व्यवहारात ‘चुकीच्या अक्षरांची नाणी’ असा एक वेगळा वर्ग मानला जातो, आणि नेहमीच्या नाण्याहून त्याला अधिक किंमत मागितली जाते. नांदेड-लातूरकडील जुन्या घरांतून जी नाणी निघतात, त्यांत निजामी राजवटीचा हाली सिक्का प्रमुख. त्याच्या जोडीला दख्खनभर फिरलेली तांब्याची शिवराई. दोहोंच्या बाबतीत ही वर्गवारी सर्रास केली जाते. मोल ठरविण्याचा अधिकार बाजाराचा आहे, आणि तो त्याने खुशाल वापरावा. परंतु ‘चूक’ ही संज्ञा नियमाला सापेक्ष आहे. नियम कोणाचा आणि कोणत्या काळाचा, हे निश्चित केल्यावाचून चूक सिद्ध होत नाही. हा प्रश्न बाजाराने विचारला नाही, यात नवल नाही. बाजाराच्या परिभाषेवर विसंबणाऱ्या अभ्यासकानेही तो विचारू नये, हे मात्र चिंत्य आहे.

शिवराईचा लेख अगदी आटोपशीर आहे. एका बाजूस तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस दोन ओळींत ‘छत्रपति’, आणि भोवती ठिपक्यांचे वर्तुळ. १६७४ च्या राज्याभिषेकाशी निगडित असलेले हे नाणे शिवछत्रपतींच्या निधनानंतरही शतकाहून अधिक काळ त्याच लेखाने पाडले जात होते. पेशवाईत खासगी टांकसाळींना सनदा मिळत, आणि प्रत्येक टांकसाळीचा ठसा निराळ्या हाताने कोरला जाई. परिणामी ‘शिव’ची ‘शीव’, ‘सिव’, ‘सीव’ अशी रूपे आढळतात, आणि ‘छत्रपति’च्या शेजारी ‘छत्रपती’ही नांदते. रेव्हरंड ॲबट यांनी १९०० साली या नाण्यांवर जो निबंध लिहिला, त्यामागे हजारो शिवरायांची तपासणी होती. लेखनातील हे भेद तेव्हाच अभ्यासकांपुढे आले.

यांपैकी ‘सिव’ हे रूप भाषाभ्यासकाच्या दृष्टीने सर्वांत बोलके आहे. संस्कृतातील ‘स’ मराठीत येताना तालव्य स्वरापूर्वी ‘श’ होतो, ही मराठीच्या ध्वनिविकासातील सुपरिचित घटना. ‘सीव्’ धातूपासून ‘शिवणे’, ‘सीमा’पासून गावाची ‘शीव’. याचा अर्थ असा की, ‘इ’पूर्वीच्या जागी मराठी उच्चारात ‘स’ आणि ‘श’ यांचा विरोध फारसा उरलाच नव्हता. अक्षर कोणतेही लिहिले तरी वाचणाऱ्याच्या तोंडून तालव्य उच्चारच निघण्याचा संभव अधिक. मग ठसा कोरणाऱ्याने ‘सिव’ कोरले, तर तो अडाणी होता असे म्हणण्यापेक्षा, त्याचे लेखन त्याच्या बोलीशी सुसंगत होते, असे म्हणणे अधिक शास्त्रशुद्ध ठरेल. ऱ्हस्व-दीर्घाचा उलगडा तर याहून सोपा आहे. नित्य व्यवहाराच्या मोडी लिपीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळला जात नसे. मोडीने वळलेल्या हाताला बाळबोध अक्षरे कोरण्याचा प्रसंग आला की वेलांटी डावीकडे पडली काय नि उजवीकडे पडली काय, त्याच्या लेखी फरक नव्हता.

येथे एक गमतीची गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ साली शासनमान्य झालेले लेखननियम लावले, तर मराठीत येणारे तत्सम इकारान्त शब्द दीर्घान्त लिहिले पाहिजेत. म्हणजे आजच्या नियमाने ‘छत्रपती’ शुद्ध आणि ज्याला प्रमाण लेख समजतात तो ‘छत्रपति’ अशुद्ध! नियमच बदलता असेल, तर त्यावर उभारलेली ‘चुकी’ची किंमत कोणत्या आधारावर टिकणार? असे वाद केवळ हस्तकोरीव नाण्यांपुरते नाहीत. स्वतंत्र भारताच्या नोटांवर हिंदीला १९५३ च्या सुमारास ठळक स्थान मिळाले, तेव्हा ‘रुपया’चे अनेकवचन कसे लिहावे याची चर्चा होऊनच ‘रुपये’ हे रूप पक्के झाले. ‘दो रुपया’ छापलेल्या नोटेला ‘चुकीची’ म्हणणारा माणूस नंतर झालेला निर्णय मागे नेऊन लावीत असतो.

सगळेच भेद असे निर्दोष असतात, असा याचा अर्थ नव्हे. ठशावर अक्षर उलटे कोरावे लागते. कोरणारा विसरला आणि त्याने ते सुलटे कोरले, तर नाण्यावर ते उलटे उमटते. ही खरीखुरी चूक, कारण ती त्याच्या स्वतःच्या हेतूच्या विरुद्ध आहे. याउलट ठसा मोठा व तांब्याची चकती लहान असली की कडेची अक्षरे चकतीबाहेर राहतात. ज्याला लोक ढबू म्हणत, त्या जाड तांब्याच्या नाण्यांत हे नित्याचेच. ‘अर्धवट लेख’ म्हणून त्यास चढा भाव मागणे म्हणजे निव्वळ अज्ञानाची विक्री होय. शिवाय नाण्यावरील अक्षर उठावाचे असते. त्यात नवी रेघ घालणे कठीण, पण असलेली रेघ कानशीने उडविणे सोपे. गळालेल्या काना-मात्रेचे नाणे हाती आले की प्रथम संशय धरावा, कौतुक मागाहून.

हाली सिक्क्याचा प्रश्न थोडा निराळा आहे. हिजरी १३२१, म्हणजे १९०३-०४ पासूनच्या चारमिनार छापाच्या नाण्यांत कमानीच्या दारात मीर महबूब अली खान यांच्या नावाचे ‘मीम’ हे आद्याक्षर असे. १९११ साली मीर उस्मान अली खान गादीवर आले, आणि त्या जागी ‘ऐन’ आले. त्यांच्या कारकिर्दीच्या आरंभीच्या रुपयांत हे ऐन दोन प्रकारांनी दिसते: एक आखूड, दुसरे पूर्ण. सूचींतून हे दोन प्रकार स्वतंत्र नोंदले गेले, आणि संग्राहक ते स्वतंत्रपणे शोधू लागले. अरबी लिपीत अक्षराला शब्दातील स्थानानुसार चार रूपे असतात. आखूड ऐन हे शब्दारंभीचे रूप. ‘उस्मान’ या नावातून ते जसेच्या तसे उचललेले. पूर्ण ऐन हे सुट्या अक्षराचे रूप; दारात ते एकटेच उभे आहे म्हणून तसे. दोन्ही शुद्ध आहेत. यंत्राने पाडलेल्या नाण्यात असा बदल हाताच्या चुकीने होत नाही, कोणीतरी तो ठरवावा लागतो. याच नाण्यांवर आसफजाह या नावासोबत ‘९२’ हा अंक येतो. ‘मुहम्मद’ या नावातील अक्षरांची अबजद रीतीने होणारी ती बेरीज. तिला सन समजून गोंधळणारे ग्राहक ‘चुकीचा सन’ म्हणूनही पैसे मोजण्याचा संभव आहे.

या किंमतीच्या खेळात खरे नुकसान होते ते साध्या नाण्यांचे. एखादी ठेव हाती लागली की ‘चमत्कारिक’ अक्षरांची चार-सहा नाणी निवडून विकली जातात आणि उरलेली तांब्याच्या भावाने मोडीत जातात. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. पण मोडीचा सौदा त्याआधीच उरकला, तर कळवायचे उरते काय? ‘सिव’ हे रूप कोणत्या मुलखात, कोणत्या वजनाच्या नाण्यांवर, कितीपैकी किती वेळा येते, हे सांगण्यासाठी ‘शिव’ची नाणी शेजारी असावी लागतात. ती वितळली की उरलेले ‘सिव’ दुर्मीळ खरे, पण मुके. ॲबट यांना जे दिसले ते हजारो सामान्य नाण्यांमुळे दिसले. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांना आपापल्या गावी अजून न निवडलेले डबे पाहावयास मिळतील. त्यांतील प्रत्येक नाण्याचा लेख अक्षरशः, वेलांटीच्या दिशेसह उतरून घ्यावा, वजन व प्राप्तिस्थान लिहावे, आणि किंमतीचा रकाना तूर्त रिकामा ठेवावा.