‘जळाल्या’ की ‘जाळल्या’?

इंग्रजीत ‘पर्पिट्रेट’ हे एक भारदस्त क्रियापद आहे. ते सत्कृत्याला लावत नाहीत. गुन्हा, अत्याचार, फसवणूक यांनाच लावतात. ‘पर्पेच्युएट’ वेगळं, ते म्हणजे चालू ठेवणं. ‘पर्पिट्रेट’ म्हटलं की करणारा कोणीतरी आहे, हे मान्यच करावं लागतं.

आता मराठीकडे या. १ जानेवारी २०१८ला कोरेगाव भीमा, सणसवाडी परिसरात हिंसाचार झाला. एका तरुणाचा जीव गेला. पाहा, ‘गेला’ असं मीही म्हणून गेलो! त्याचा जीव घेतला गेला. आपण बोलतो : हिंसाचार उसळला, काचा फुटल्या, गाड्या जळाल्या. अहो, उसळतो तो समुद्र. गाड्या जाळल्या, काचा फोडल्या. ‘जाळल्या’मधला काना जागचा हलून ‘जळाल्या’ झालं, की माणूसच नाहीसा होतो.

कोणी म्हणेल, कर्ता ठाऊक नसेल तर? पुराव्यावाचून कुणाचं नाव घेऊच नये, तोही अन्यायच. पण त्यासाठी मराठीत ‘कोणीतरी’ आहे. ‘कोणीतरी गाड्या जाळल्या’ म्हटलं, की ‘कोणी?’ हा प्रश्न शिल्लक राहतो. न्यायमूर्ती जे. एन. पटेल आयोग नेमला, तो याच प्रश्नासाठी. ‘जळाल्या’ म्हणणाऱ्याला मात्र विचारायचं काही उरतच नाही.