सार्वजनिक व्यवहार : गौण विषयाची कसोटी

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पदवी अभ्यासक्रमाच्या आराखड्यात मुख्य विषयाच्या जोडीस गौण विषयाची तरतूद केलेली आहे. तीन वर्षांच्या पदवीच्या किमान १२० श्रेयांकांपैकी ६० मुख्य विषयास व २४ गौण विषयास दिलेले आहेत. व्याख्यानाच्या एका श्रेयांकास १५ तास धरले, तर गौण विषयाच्या वाट्यास ३६० तास येतात. ‘सार्वजनिक व्यवहार’ हा विषय या तासांत कोणत्या हेतूने शिकवावयाचा, हा प्रस्तुत टिपणाचा प्रश्न आहे.

गौण विषय म्हणजे मुख्य विषयाची लहान आवृत्ती, अशी समजूत करून घेणे सोपे असते. मग राज्यशास्त्र, लोकप्रशासन आणि अर्थशास्त्र यांची आरंभीची प्रकरणे एकत्र बांधली की अभ्यासक्रम सिद्ध होतो. अशा बांधणीत विद्यार्थ्यास व्याख्या मिळतात, परंतु निर्णयशक्ती मिळत नाही. रसायनशास्त्राचा विद्यार्थी पिण्याच्या पाण्यातील क्लोरीनचे प्रमाण अचूक सांगू शकतो. पाणीपुरवठा हा १९९३ साली अंमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने संविधानास जोडलेल्या बाराव्या अनुसूचीतील विषय आहे. शुद्धीकरण केंद्राचा खर्च महसुली की भांडवली, पाणीपट्टी कोण ठरवितो, दूषित पाण्याचा जाब कोणास विचारावयाचा, हे मात्र त्याला ठाऊक नसते. त्याचे ज्ञान आणि समाजाचा कारभार यांमधील हा सांधा जुळविणे, हेच गौण विषयाचे खरे प्रयोजन होय.

महाराष्ट्रात या दृष्टीला पूर्वपरंपरा आहे. अंकगणिताचे पाठ्यपुस्तक लिहिणारे गोपाळ कृष्ण गोखले यांनी न्यायमूर्ती रानडे यांच्या मार्गदर्शनाखाली सरकारी अहवालांचा अभ्यास केला. १८९७ मधील वेल्बी आयोगापुढील साक्ष आणि १९०२ मधील केंद्रीय विधिमंडळातील अर्थसंकल्पावरील भाषण ही त्या अभ्यासाची फळे होत. आकड्यांची शिस्त त्यांच्या अंगी आधीपासून होती. आकड्यामागे कोणाचा कर आणि कोणाचे हित आहे, हे पाहण्याची सवय त्यांना सार्वजनिक कागदपत्रांनी लाविली.

यावर असा आक्षेप संभवतो की, सिद्धान्ताचा पाया नसेल तर कागदपत्रांचे वाचन ही केवळ माहितीची रास ठरेल. आक्षेपात तथ्य आहे. परंतु त्यावरून सिद्धान्त आधी आणि व्यवहार नंतर, असा क्रम सिद्ध होत नाही. नगरपालिकेचा अर्थसंकल्प समोर ठेवला की प्रतिनिधित्व, उत्तरदायित्व व न्याय्य वाटप हे प्रश्न त्यातूनच उभे राहतात. प्रश्न पडल्यावर शिकलेला सिद्धान्त टिकतो. शिवाय उक्त आराखड्यात क्षेत्रकार्याच्या एका श्रेयांकास ३० तास धरलेले आहेत. ग्रामसभेचे कामकाज पाहण्यास किंवा माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यान्वये कार्यालयांनी स्वतः होऊन प्रकट केलेली माहिती तपासण्यास त्यांचा उपयोग सहज करता येईल.

अर्थात हे सारे परीक्षापद्धतीवर अवलंबून आहे. प्रश्नपत्रिकेत व्याख्याच विचारल्या गेल्या, तर अध्यापनही व्याख्यांपुरतेच उरेल. त्याऐवजी विद्यार्थ्यापुढे एखादा अपरिचित लेखापरीक्षण अहवाल ठेवावा आणि त्यातील निर्णय कोणी घेतला, खर्च कोणावर पडला व कोणती माहिती त्यात आलेली नाही, हे आपल्या मुख्य विषयाच्या आधारे सांगण्यास सांगावे. या प्रश्नाचे उत्तर भौतिकशास्त्राचा विद्यार्थी एक प्रकारे देईल, इतिहासाचा दुसऱ्या प्रकारे. ज्या अभ्यासक्रमात दोघांची उत्तरे अगदी सारखी येतील, त्याने २४ श्रेयांक खर्च करूनही आपले काम केलेले नाही, असे समजावे.