'श्रीयुत गंगाधर टिपरे' : पुनर्दर्शनातून एक आकलन

दिलीप प्रभावळकर यांच्या 'अनुदिनी' या रोजनिशीच्या घाटातील लेखनावर आधारलेली, केदार शिंदे दिग्दर्शित 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका २००१ पासून तत्कालीन अल्फा मराठी वाहिनीवर प्रसारित झाली. आठवड्याने भेटणारे हे कुटुंब आता घरबसल्या सलग पाहता येते आणि या सलगतेत तिच्या विनोदाचे स्वरूप पालटते. प्रसंग विरून जातात. मनात राहतो तो आबांचा ऐकून घेण्याचा स्वभाव. प्रभावळकरांनीच दूरदर्शनवर साकारलेला चिमणराव स्वतःच्या फजितीने हसवतो, तर आबा बहुधा इतरांच्या फजितीचे समंजस साक्षीदार असतात. शुभांगी गोखले यांनी रंगविलेली सून तर, 'चार दिवस सासूचे'सारख्या मालिकांच्या त्या काळात, कटकारस्थानाविना घर उभे करते. हे यश थोडे नव्हे.

तथापि एक प्रश्न उरतोच. टिपऱ्यांच्या घरात वृद्धाविषयीची माया मालमत्तेच्या कसोटीला फारशी लागत नाही. औद्योगिक मार्गिकेसाठी जमिनी संपादित झालेल्या बिडकीन परिसरातील प्रेक्षकाला ही उणीव विशेष जाणवावी. येथे आजोबांचा शब्द सातबाऱ्यावरील नावाशी जोडलेला असतो; मोबदला आला की घरातील बोलण्याचा सूरही बदलतो. आबांना असे काही वाटून द्यावे लागत नाही, म्हणूनच त्यांचे म्हातारपण इतके प्रसन्न राहू शकते. मालिकेचा गोडवा यामुळे खोटा ठरत नाही. मात्र तो नोकरदार, शहरी मध्यमवर्गाचा गोडवा आहे.