हार्ली ९७८ मधील तांबडी ओळ

मध्ययुगीन युरोपांतील संगीताविषयीं लिहितांना त्याचे धार्मिक व लौकिक असे दोन सुटसुटीत कप्पे पाडण्याची रीत रूढ झाली आहे. देवालयांत लॅटिन व भक्ति, बाहेर देशभाषा व शृंगार, अशी ही वांटणी. विवेचनाच्या सोयीस ती उपयोगी पडते, हें आम्हांस मान्य आहे. परंतु तिच्या आधारें हस्तलिखितांतील पाठच गाळले जावे, हें मात्र मान्य होण्यासारखें नाहीं.

लंडन येथील ब्रिटिश लायब्ररींत हार्ली ९७८ या क्रमांकाचें एक हस्तलिखित आहे. त्यांतील संगीत तेराव्या शतकाच्या मध्याच्या सुमाराचें असून हस्तलिखिताचा संबंध इंग्लंडांतील रेडिंग येथील मठाशीं जोडला जातो. वैद्यक, मारी द फ्रान्स हिच्या फ्रेंच पद्यकथा व १२६४ च्या लुइसच्या लढाईवरील लॅटिन काव्य असा नाना प्रकारचा मजकूर या एकाच बाडांत आहे. त्याच्या ११ व्या पत्राच्या मागील बाजूस 'समर कॅनन' या नांवानें प्रसिद्ध असलेलें गीत आहे. चौघांनीं एकच चाल एकामागून एक उचलावयाची व दोघांनीं खालीं एक लहानसा स्वरसमूह फिरफिरून गात राहावयाचें, अशी ही सहा कंठांची रचना. पुढील गायकानें कोठें आरंभ करावा तें क्रुसाच्या खुणेनें दाखविलें असून, गाण्याची रीतही लॅटिन भाषेंत त्याच पानावर दिली आहे.

आतां मुद्दा असा कीं, त्या स्वरांखालीं शब्दांच्या दोन ओळी आहेत. काळ्या शाईच्या इंग्रजी ओळींत उन्हाळ्याचें आगमन, कोकिळेचा स्वर व गाईवासरें. तांबड्या शाईच्या लॅटिन ओळींत मानवाच्या उद्धारासाठीं पुत्रास मृत्यूच्या स्वाधीन करणारा परमेश्वर. गायनाच्या पुस्तकांत बहुधा काळी ओळच येते; तांबडी ओळ मठवासीयांनीं मागाहून चिकटविलेली म्हणून तिची बोळवण होते. परंतु आधीचे शब्द कोणते, हा प्रश्न निराळा. दोन्ही ओळी एकाच स्वरांखालीं नांदतात, ही वस्तुस्थिति त्यानें बदलत नाहीं. शिवाय तळाशीं फिरणारा स्वरसमूह मरियेच्या 'रेजिना चेली' या स्तोत्राच्या आरंभाशीं जुळतो, हें अभ्यासकांनीं दाखविलें आहे. त्यावरचे शब्द मात्र कोकिळेचे!

दुसरी साक्ष आयर्लंडांतील. १३१७ सालीं ऑसरीचा बिशप झालेल्या रिचर्ड लेड्रेड यानें, आपल्या धर्मसेवकांनीं सणावारीं ऐहिक गाण्यांनीं कंठ विटाळूं नये म्हणून, साठ लॅटिन गीतें सिद्ध केलीं. पण तीं म्हणावयाचीं कोणत्या चालीवर? म्हणून कांहीं गीतांजवळ इंग्रजी वा फ्रेंच गाण्यांचे आरंभींचे शब्द टिपून ठेवावे लागले. ज्या गाण्यांचा विसर पाडावयाचा, त्यांचीच आठवण 'ऑसरीच्या तांबड्या पुस्तका'नें राखली.

दोहोंत भेद मुळींच नव्हता, असें आमचें म्हणणें नाहीं. १३२४-२५ च्या सुमारास पोप २२ वा जॉन यानें आज्ञापत्र काढून देवालयीन गायनांत देशभाषेंतील पदें घुसडणाऱ्यांस दोष दिला. परंतु जें प्राप्त असेल त्याचाच निषेध करावा लागतो, हा मीमांसकांचा न्याय येथेंही लागू आहे. सरमिसळ नसती, तर आज्ञापत्राचें प्रयोजनच उरलें नसतें.

तात्पर्य, शास्त्यांनीं केलेला भेद व लेखकांनीं पाळलेला भेद यांचें क्षेत्र एक नव्हे. संपादकानें दोन्ही ओळी छापाव्या, शाईचा रंग नोंदवावा आणि निवड वाचकावर सोंपवावी. जुन्या बाडांच्या याद्या करणाऱ्या आमच्या वाचकांसही हीच विनंति. एका बाडांत स्तोत्र व शृंगारपद शेजारीं आढळल्यास त्यांस विलग करूं नये. तें शेजारपण हाच कदाचित् त्या बाडाचा सर्वांत मोलाचा पुरावा असेल.