शिकंदराच्या वाटेवरचा कॅमेरा

एखाद्या विजेत्याच्या वाटेने आज पुन्हा जायचे ठरवले, की पहिली अडचण नकाशाची येते. कुठे थांबायचे, कुठे रेंगाळायचे, कोणते गाव ओलांडून पुढे जायचे हे सगळे आधीच ठरून गेलेले असते आणि ते ठरवणारा माणूस तेवीसशे वर्षांपूर्वी मेलेला असतो. मायकेल वुड या इंग्रज इतिहासलेखकाची 'इन द फूटस्टेप्स ऑफ अलेक्झांडर द ग्रेट' ही चार भागांची मालिका बीबीसीवर १९९८ मध्ये आली. ग्रीसपासून बियास नदीपर्यंत आणि तिथून मकरानच्या वाळवंटातून परत, असा अलेक्झांडरचा मार्ग तिने शक्य तितका जमिनीवरून धुंडाळला. आजही ती मालिका पाहण्यासारखी आहे. मात्र ती जिथे सर्वांत समृद्ध आहे तिथेच तिच्या पद्धतीतला एक दोष दडलेला आहे, आणि पंजाबात पोचल्यावर तो झाकता येत नाही.

आधी तिचे श्रेय. वुड यांचे भांडवल म्हणजे त्यांचे पाय आणि त्यांचा आवाज. चालता चालता, धापा टाकत ते बोलतात, आणि या धापांना पुराव्याची किंमत आहे. अलेक्झांडरने इ.स.पू. ३२९ मध्ये हिंदुकुश ओलांडला, हे वाक्य वाचायला दोन सेकंद लागतात. यादवी युद्धात होरपळणाऱ्या अफगाणिस्तानात, साडेतीन हजार मीटरहून उंच असलेल्या खावक खिंडीकडे चढणारी माणसे पडद्यावर दिसली, की सैनिकांना कच्चे मांस खावे लागले या ग्रीक ग्रंथातल्या तपशिलाला एकदम वजन येते. टायरचेही तसेच. ते बेट होते. वेढ्यासाठी अलेक्झांडरने समुद्रात बांध घातला, त्याभोवती वाळू साचत गेली आणि आज तिथे बेट उरलेले नाही. भूगोल बदलणारा हा पुरावा कॅमेऱ्याइतका नीट कोणते पुस्तक दाखवणार? टायरच्या पाडावानंतरची कत्तल, पर्सेपोलिसची आग, यांवर वुड पांघरूण घालत नाहीत, हेही नोंदवायला हवे.

मालिकेचा खरा जीव मात्र वाटेत भेटणाऱ्या माणसांत आहे. इराणातले जरथुश्ती ज्याला 'महान' म्हणायला तयार नाहीत तो हा अलेक्झांडर. त्यांच्या परंपरेत तो 'गुजस्तक', म्हणजे शापित. पेहलवी भाषेतल्या 'अर्दा विराफ नामग' या ग्रंथाच्या सुरुवातीलाच त्याच्यावरचे आरोपपत्र आहे: बैलांच्या कातड्यांवर सोनेरी शाईने लिहिलेला अवेस्ता त्याने जाळला, दस्तुरांना आणि न्यायाधीशांना मारले. मराठी वाचकाला हा ग्रंथ वाटतो तितका दूरचा नाही. त्याची संहिता इंग्रजी भाषांतरासह १८७२ मध्ये मुंबईत छापली गेली, आणि ती सिद्ध करणाऱ्यांत होते पुण्याचे दस्तूर होशंगजी जामास्पजी आणि पुण्याच्याच कॉलेजात संस्कृत शिकवून गेलेले जर्मन पंडित मार्टिन हाऊग. त्यानंतर ७० वर्षांच्या आत त्याच मुंबईत सोहराब मोदी या पारशी दिग्दर्शकाने 'सिकंदर' (१९४१) काढला. पृथ्वीराज कपूर यांना त्यांनी देखण्या सिकंदराच्या रूपात उभे केले आणि स्वतः पोरस झाले. शापिताचा नायक कसा होतो, याचा शोध घेऊ पाहणाऱ्या एखाद्या अभ्यासकाला मुंबईतच बरेच काही सापडेल.

पण इथेच थोडे थांबायला हवे. 'अर्दा विराफ नामग' आज ज्या रूपात हाती आहे ते रूप घटनेनंतर हजारांहून अधिक वर्षांनी सिद्ध झाले. त्याच इराणात फिरदौसीच्या 'शाहनाम्या'त शिकंदर हा इराणी राजा दाराबचा मुलगा ठरतो, म्हणजे ज्या दाराला त्याने हरवले त्याचाच सावत्र भाऊ. कुराणातल्या झुल्करनैनशी, म्हणजे दोन शिंगांच्या पुरुषाशी, अनेक भाष्यकारांनी त्याची सांगड घातली. शिकंदराच्या डोक्यावर शिंगे होती आणि ते गुपित फक्त न्हाव्याला ठाऊक होते, अशी लोककथा इराण आणि मध्य आशियात सांगितली जाते. गंमत अशी, की राजाच्या कानांची आणि न्हाव्याच्या पोटात न मावणाऱ्या गुपिताची ही गोष्ट मुळात मिडास राजाची. तो फ्रिजियाचा राजा, आणि त्याची राजधानी गोर्डियन, जिथे अलेक्झांडरने ती सुप्रसिद्ध गाठ तोडल्याचे सांगतात. वाटेतल्या एका मुक्कामावरच्या जुन्या राजाची कथा नव्या राजाला चिकटली!

वुड यांचा अशा कथांवर लोभ आहे, आणि तो आपल्यालाही लागतो. परंतु त्यांच्या निवेदनाचा सूर असा, की या कथा म्हणजे त्या स्वारीची अखंड चालत आलेली आठवण. वस्तुस्थिती बरीच वेगळी आहे. अलेक्झांड्रियात रचलेली एक अद्भुतकथा सीरियाक, अरबी, फारसी अशा भाषांतून फिरली. निजामीसारख्या कवीने तिला दरबारी प्रतिष्ठा दिली. आणि मग ती बाजारात, डोंगरात, गुराख्यांच्या तोंडी पोचली. गावातला म्हातारा जे सांगतो ते त्याच्या पूर्वजांनी पाहिलेले असेलच असे नाही. बऱ्याचदा ते कोणीतरी वाचलेले असते. कथेची किंमत यामुळे कमी होत नाही, तिचे वय मात्र बदलते. संशोधकाला वयाशी कर्तव्य असते.

हा फरक पंजाबात निर्णायक ठरतो. झेलमची लढाई इ.स.पू. ३२६ मधली. तिच्याविषयी आपल्याला जे ठाऊक आहे ते सगळे ग्रीक आणि लॅटिन ग्रंथांतून आलेले आहे. त्यांतला विश्वसनीय मानला जाणारा एरियनसुद्धा त्या लढाईनंतर सुमारे साडेचार शतकांनी लिहीत होता. टॉलेमी, निआर्कस या सोबत्यांची मूळ लेखने हरवली. कोणत्याही प्राचीन भारतीय ग्रंथात या स्वारीचा उल्लेख नाही. पोरसचे मूळ नावही आपल्याला माहीत नाही; 'पौरव' हा नंतरच्या अभ्यासकांचा तर्क आहे. पुढे या भागात शिकंदराच्या ज्या गोष्टी रुजल्या त्या मुख्यतः फारसी वाङ्मयाबरोबर आल्या. म्हणजे इराणातली कथा खैबरच्या वाटेने दुसऱ्यांदा स्वारी करून आली, आणि ही दुसरी स्वारी टिकली.

अशा ठिकाणी वाटेवरच्या माणसांना विचारत जाण्याची पद्धत थकते. मालिकेचा चौथा भाग मग पुन्हा ग्रीक ग्रंथांच्या आधाराने चालू लागतो. सिंधूकाठच्या पीर-सर डोंगराला ऑरेल स्टाइन यांनी १९२६ मध्ये ग्रीकांचे 'एओर्नोस' ठरवले होते. तिथपासून बियासच्या काठापर्यंत आपण पाहतो ते अलेक्झांडरच्याच खांद्यावरून. इथे कोणालाच हा माणूस आठवला नाही, असे का? हा प्रश्न मालिकेने मोठ्याने विचारायला हवा होता. सीमेवरच्या एका स्वारीचे मगधाला काय वाटले असेल? आपल्याकडच्या लेखकांनीही या मौनाला क्वचितच मौन म्हणून राहू दिले. व्हिन्सेंट स्मिथ यांनी आपल्या इतिहासात या अल्पकाळच्या मोहिमेला भरघोस जागा दिली. सावरकरांनी 'सहा सोनेरी पाने'मधले पहिले पान या स्वारीच्या प्रतिकाराला आणि चंद्रगुप्ताला दिले. दोघांनी आपापली बाजू लढवली ती त्याच ग्रीक साक्षीदारांच्या जोरावर.

मौन नसले तर कसे दिसते, याचे उदाहरण बाबिलोनचे आहे. तिथले ज्योतिर्विद मातीच्या विटांवर रोजनिशी ठेवत: ग्रहांची स्थिती, युफ्रेटिसची पातळी, धान्याचे भाव. दाराच्या सैन्याचा इ.स.पू. ३३१ मधला पराभव त्यांत आहे. इ.स.पू. ३२३ च्या जूनमधला अलेक्झांडरचा मृत्यूही आहे, आणि त्या नोंदीत आकाश ढगाळ असल्याचा उल्लेख आहे. हरलेल्या शहरातल्या या समकालीन कारकुनाला विजेत्याबद्दल प्रेमही नाही आणि शापही नाही.

वुड यांनी २००७ मध्ये 'द स्टोरी ऑफ इंडिया' ही मालिका केली. तीत कोणाच्याही पावलांवर चालण्याचे बंधन नव्हते. बुद्ध, चंद्रगुप्त, अशोक यांच्या भागात अलेक्झांडर येतो आणि निघून जातो. दोन्ही मालिका पाहायच्या असतील तर याच क्रमाने पाहाव्यात. पहिलीतला चौथा भाग मग पुन्हा एकदा लावून पाहावा.