घर बदलले, कुळ बदलले नाही : लमसेना प्रथेच्या वर्णनाची समीक्षा

प्रस्तावना

पतीने पत्नीचे आडनाव स्वीकारावे काय, हा प्रश्न मराठी कुटुंबात सहसा चर्चेलाही येत नाही. लग्नात तांदळांत नवे नाव लिहिले जाते ते वधूचे. सासुरवाडीस राहणाऱ्या पुरुषास ‘घरजावई’ हा शब्द बहुधा हेटाळणीनेच लावला जातो. त्याने आडनावही बदलणे म्हणजे मुलगा गमावणे, अशी आईवडिलांची भावना असते. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील गोंड समाजाच्या संदर्भात मात्र या प्रश्नाचे स्वरूप वेगळे आहे.

विवेचन

रसेल व हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील चार खंडांच्या ग्रंथात (१९१६) लमसेना प्रथेची नोंद आढळते. आजचा गडचिरोली जिल्हा (स्थापना १९८२) तेव्हा मध्य प्रांताच्या चांदा जिल्ह्यात होता. वधूमूल्य देण्याची ऐपत नसलेला तरुण भावी सासऱ्याच्या घरी राबतो व विवाहास पात्र ठरतो, असे हे विवरण आहे. त्यातील आर्थिक कारण योग्यच आहे. परंतु केवळ तेवढेच वाचल्यास ही प्रथा दारिद्र्याची तडजोड ठरते. गोंडांतील चारदेवे, पाचदेवे, सहादेवे, सातदेवे या गटांच्या व्यवस्थेसह ती वाचल्यासच तिचा अर्थ उलगडतो.

एकाच गटातील कुळे परस्परांची भाऊबंद मानली जातात. त्यांच्यात विवाह निषिद्ध आहे. मडावी, आत्राम, कुमरे ही आडनावे मुळात कुळनावेच होत. लमसेना घर बदलतो, श्रम देतो; कुळ मात्र बदलत नाही. त्याने पत्नीचे कुळनाव घेतल्यास पती-पत्नी नावाने भाऊ-बहीण ठरतील. म्हणजेच येथील नकारामागे केवळ पुरुषी प्रतिष्ठा नाही, विवाहाच्या वैधतेचा प्रश्न आहे.

तथापि हाच न्याय पत्नीस लावला जात नाही. लग्नानंतर कागदोपत्री तिच्या नावापुढे पतीचे कुळनाव लागते, तेव्हा विवाह नियमास धरून झाल्याची खूणच पुसली जाते. त्यास कुटुंबात आक्षेप घेतला जात नाही. जात-पडताळणीत पितृकुळातील जुन्या नोंदींना महत्त्व असल्याने नावातील या तफावतीचा खुलासा तिलाच करावा लागतो. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात आईचे नाव अनिवार्य झाले. आडनावाची रीत मात्र त्याने बदललेली नाही.

निष्कर्ष

कुळनियम हा पतीच्या नामांतरास नकार देण्याचा आधार असेल, तर तो पत्नीच्या नामांतरासही तितकाच लागू होतो. एकाच बाजूस पाळला जाणारा नियम हा कुळाचा नसून अधिकाराचा असतो. १७ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधील एका गोंड कुटुंबाच्या प्रकरणात स्त्रीच्या वारसांचा वडिलोपार्जित मालमत्तेतील समान वाटा मान्य केला. लेकीचा जमिनीवरील हक्क असा मान्य होत असताना तिचे कुळनावही तिच्याकडेच राहणे सुसंगत ठरते. म्हणून ‘पतीने नाव बदलावे काय’ यापेक्षा ‘दोघांपैकी कोणीही ते का बदलावे’ हा प्रश्न या प्रदेशाच्या परंपरेशी अधिक जुळणारा आहे.