परीक्षक पुष्कळ, निवडणारे थोडे

सप्टेंबर 2022 मध्ये पुरुषोत्तम करंडकाच्या अंतिम फेरीनंतर परीक्षकांनी जाहीर केलं, यंदा करंडक कुणालाच नाही. 1963 पासून चालत आलेल्या या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेत असं प्रथमच घडत होतं. लगेच दोन तट पडले. परीक्षकांनी दर्जाची बूज राखली, असं एका बाजूचं म्हणणं. पोरांच्या दोन-तीन महिन्यांच्या घामाचा अपमान झाला, असं दुसऱ्या बाजूचं. दोन्हींत तथ्य होतं. मला मात्र वेगळीच गोष्ट खटकली. परीक्षकाच्या हातात होतं काय? करंडक द्यायचा किंवा ठेवून घ्यायचा. ‘ही एकांकिका अजून कच्ची आहे, पण हिच्यात जीव आहे, तीन महिने हिच्यावर काम करा, पुन्हा उभी करा, मी तारीख मिळवून देतो,’ असं म्हणण्याची सोय त्याच्याकडे नव्हती. तो दोष त्या परीक्षकांचा नाही आणि स्पर्धा भरवणाऱ्या महाराष्ट्रीय कलोपासकचाही नाही. असं म्हणणारा माणूसच आपल्या रंगभूमीच्या रचनेत जवळपास नाही.

मराठी नाटक स्पर्धेवर वाढलं, हे उघड आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ 1967 मध्ये ‘रंगायन’ने राज्य नाट्य स्पर्धेसाठी उभं केलं. ‘घाशीराम कोतवाल’चा डिसेंबर 1972 मधला पहिला प्रयोगही याच स्पर्धेतला. सरकारी स्पर्धेच्या तारखा आणि त्यात असली नाटकं! पुरुषोत्तम, फिरोदिया, सवाई, लोकांकिका या स्पर्धांभोवती पोरं वाढली, त्यांतूनच पुढे लेखक, दिग्दर्शक, नट आणि प्रकाशयोजनाकार निघाले. भरत नाट्य मंदिरात ‘आव्वाज कुणाचा’ची आरोळी उठते तेव्हा नाटकाला तिथे जो मान मिळतो, तो चांगल्या भाषणबाजीच्या महोत्सवांतही मिळत नाही. महाराष्ट्राचं सर्वांत मोठं नाट्यविद्यालय कुठलं, असं विचारलं तर मी एकांकिका स्पर्धांचंच नाव घेईन. वर्ग नाहीत, फी नाही, पदवी नाही. पण नेपथ्य काही मिनिटांत लावायला आणि उतरवायला शिकवतं.

प्रत्येक विद्यालयाचा अभ्यासक्रम असतो, तसा याचाही आहे. तासाभरात आटोपायचं. दिवसातल्या चौथ्या-पाचव्या प्रयोगाला दमलेल्या परीक्षकाला सुरुवातीलाच खडबडून जागं करायचं. शेवटाला धक्का हवा, नाहीतर निदान हुंदका. दिग्दर्शन दिसलं पाहिजे, कारण त्याला बक्षीस आहे. नेपथ्य दिसलं पाहिजे, त्यालाही आहे. मग लेव्हल्स फिरतात, दोरखंड लोंबतात, समूह एकसुरात हुंकारतो. जे नाटक शांतपणे बोलतं, ज्याची गोम दुसऱ्या दिवशी सकाळी लक्षात येते, ते अशा घाईत मार खातं. अपवाद आहेत, ते गाजलेही आहेत, पण बाविसाव्या वर्षी अपवादाच्या भरवशावर कोण बसणार?

राज्य स्पर्धेत दुसरी अडचण आहे. वेगवेगळ्या केंद्रांवर मिळून दरवर्षी शेकडो नाटकं होतात. त्यांतल्या बहुतेकांचा प्राथमिक फेरीतला प्रयोग हाच पहिला आणि हाच शेवटचा. परीक्षक पंधरवडाभर रोज एक नाटक बघतात. एखाद्या तालुक्याच्या गावात कोण काय लिहू लागलंय, याची इतकी ताजी माहिती राज्यात दुसऱ्या कुणाजवळ नसते. निकालाच्या कागदावर सह्या झाल्या की ती माहिती संपते. दर वर्षी एवढं पीक येतं आणि खळं करायला कुणी नाही.

गाण्याच्या बाबतीत आपण असं वागलो नाही. 1953 मध्ये भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला. कुणाला बोलवायचं हे तिथे गुणपत्रिकेवर ठरलं नाही. एका जाणत्या माणसाच्या कानावर लोकांनी भरवसा टाकला. कोणानंतर कोण बसणार, नवा गायक कुठल्या प्रहरी बसवायचा, मोठ्या नावाच्या आधी त्याला किती वेळ द्यायचा, या सगळ्यात शहाणपण होतं. श्रोत्यांनी कुरकूर केली असेल, निवड करण्याचा हक्क मात्र नाकारला नाही. नाटकात आपल्याला एकट्याच्या निवडीची धास्ती वाटते. तीन परीक्षक, त्यांच्या गुणांची बेरीज, म्हणजे न्याय झाला. बेरजेतून न्याय होत असेलही. अभिरुची घडत नाही.

महोत्सव आपल्याकडे नाहीत असं नाही. अरविंद देशपांडे यांच्या स्मरणार्थ ‘आविष्कार’ मुंबईत महोत्सव करत आली. पृथ्वी थिएटरचा महोत्सव आहे. पुण्यात विनोद दोशींच्या नावाच्या महोत्सवामुळे इतर भाषांतली नाटकं मराठी प्रेक्षकाला नेमाने बघायला मिळू लागली, आणि त्याच घरची पाठ्यवृत्ती तरुण रंगकर्मींना थोडी उसंत देते. पणजीत 2016 पासून सेरेंडिपिटी महोत्सवात नाटक, नृत्य, संगीत, दृश्यकला, अगदी खाद्यसंस्कृतीसाठीसुद्धा वेगळे क्युरेटर नेमतात, म्हणजे निवडीखाली कुणाचं तरी नाव असतं. निवड आवडली नाही तर कुणाशी भांडायचं हे कळतं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

तरीही महोत्सवांचीही एक ठरीव चाल पडली आहे. दिल्लीच्या भारत रंग महोत्सवासाठी निवड समिती मुख्यतः प्रयोगांचं चित्रीकरण पाहून ठरवते. साहजिकच पडद्यावर उठून दिसणारं, शब्दांपेक्षा देहावर चालणारं नाटक पुढे सरकतं. बोलीत रुतलेलं, संवादाच्या लयीवर उभं असलेलं मराठी नाटक तिथे मुकं होतं. मग तेच दहा-बारा प्रयोग या महोत्सवातून त्या महोत्सवात फिरतात, आणि कधी कधी असंही दिसतं की नाटक महोत्सवासाठीच शिवलेलं आहे: माणसं चार, सामान दोन बॅगांत, कथानक कुठल्याही शहरात खपेल असं. प्रवासखर्चाचं गणित मी समजू शकतो. पण त्या गणिताला सौंदर्यदृष्टी म्हणू नये.

नाट्यशिक्षणाच्या संस्था इथे कुठे बसतात? औरंगाबादला कमलाकर सोनटक्के यांनी विद्यापीठात नाट्यविभाग उभा केला. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र 1987 चं. मुंबई विद्यापीठात वामन केंद्रे यांच्या पुढाकाराने अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स आली. गोव्यात कला अकादमी नाट्यशिक्षण देते आणि मराठी, कोकणी नाटकांच्या स्पर्धाही भरवते. या ठिकाणांहून चांगले नट निघतात, काही दिग्दर्शक निघतात. मालिकांच्या सेटवर तर प्रत्येक खोलीत यांतलं कुणीतरी भेटतं. पोट भरण्याला नावं ठेवण्याचं कारण नाही. पण महोत्सवाची आखणी करणारा, नाट्यगृह चालवणारा, नाटकाला प्रेक्षकापर्यंत नेणारा माणूस घडवणं हे या अभ्यासक्रमांत फार तर एखाद्या व्याख्यानापुरतं उरतं. संयोजन म्हणजे मांडव, चहा आणि स्मृतिचिन्हं, हा समज आपण शिक्षणातही जपला आहे.

आपल्याकडेच याचं उलट उदाहरण घडून गेलं, त्याची आठवण फार कमी काढली जाते. ‘घाशीराम’वरून पीडीए ही नाट्यसंस्था सोडावी लागलेल्या मंडळींनी 1973 मध्ये थिएटर अकॅडमी काढली. नाटक गाजलं, 1980 मध्ये युरोपात गेलं, हे सर्वांना माहीत असतं. त्याच संस्थेने 1985 ते 1994 या काळात, फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने, सतीश आळेकरांच्या कल्पनेतून नाटककार विकास योजना आणि प्रादेशिक नाट्यसंस्थांच्या उभारणीचा कार्यक्रम चालवला, हे सांगावं लागतं. नाव सरकारी परिपत्रकासारखं, पण दृष्टी पाहा: बक्षीस तयार नाटकाला मिळतं, इथे मदत तयार होऊ घातलेल्या नाटकाला आणि ते करणाऱ्या गटाला होती. पुण्या-मुंबईबाहेरच्या संस्थेला इथे येऊन जिंकून दाखवायचं नव्हतं. आपल्या गावात टिकायचं होतं. परदेशी पैशावर चाललेली गोष्ट पैसा आटल्यावर थांबते, ही टीका रास्त आहे. मग आपल्या शासनाने, बँकांनी, साखर कारखान्यांनी ती का उचलली नाही, हेही विचारू या. नाट्यसंमेलनाच्या मांडवाला पैसा मिळतो. जानेवारी 2024 मध्ये पिंपरी-चिंचवडला शंभरावं संमेलन झालं, तिथे काही कमी पडल्याचं दिसलं नाही.

बक्षीस देणं आणि घडू देणं यांतला हा फरक मुलांच्या रंगभूमीवर आणखी ढळढळीत दिसतो. सुधा करमरकरांचं लिटल थिएटर आणि रत्नाकर मतकरींची बालनाट्यं यांनी मुलांना प्रेक्षक मानलं. 1986 मध्ये मोहन आगाशे यांनी बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची शैली पुण्यात आणली, श्रीरंग गोडबोलेंचं ‘छान छोटे वाईट मोठे’ झालं, आणि मोठी माणसं मुलांच्या भूमिकेत जाऊन घरातल्या भांडणांवर, शाळेतल्या भीतीवर बोलू लागली. मतकरी उतारवयात त्याही पुढे गेले. ठाण्यात समता विचार प्रसारक संस्थेबरोबर त्यांनी वस्त्यांमधल्या मुलांसाठी ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू केला. विषय मुलांचे, शब्द मुलांचे, आणि स्पर्धा नाही. मतकरींनी आयुष्यभर स्पर्धा पाहिल्या होत्या, त्यामुळे ती अट त्यांनी अजाणता घातली नसणार. याउलट बऱ्याच शाळांतलं नाट्यशिक्षण स्नेहसंमेलनाच्या आधीच्या तीन आठवड्यांत आटोपतं आणि दुसऱ्या रांगेतल्या मुलाच्या वाट्याला झाड येतं.

निवड ही शहरी, शिकलेल्यांची चैन आहे असं कुणाला वाटत असेल तर त्याने दिवाळीनंतर झाडीपट्टीत जावं. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा या भागात शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, निमित्ताने रात्रभर नाटकं चालतात. देसाईगंज-वडसा येथे नाट्यमंडळांची कार्यालयं आहेत, गावोगावची मंडळं तिथे येऊन बुकिंग करतात. कुठल्या कंपनीचं नाटक घ्यायचं, कुठली नटी लोकांना हवी, गेल्या वर्षी काय पडलं, यावर गावात खल होतो, कारण तिकीट विकण्याची जबाबदारी गावाची असते. निवड चुकली तर मंडळ खड्ड्यात. तिथल्या नाटकांत भडकपणा पुष्कळ, मेलोड्रामा त्याहून जास्त, आणि ती मला सगळी आवडतात असंही नाही. पण आपल्या प्रेक्षकाला ओळखून, स्वतःच्या जोखमीवर नाटक निवडणारी माणसं मराठीत आज सर्वांत जास्त तिथेच सापडतील. झाडीपट्टीतले नट परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाल्यावर शहरातल्या वर्तमानपत्रांनी या रंगभूमीचा शोध लावला. कंपनी ठरवायला बसलेल्या एखाद्या गावच्या मंडळाबरोबर नाट्यविभागांनी आपल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना एक हंगाम बसवावं, आणि राज्य स्पर्धेच्या परीक्षकांनी गुणपत्रिकेच्या पाठीमागे निदान एवढं लिहून द्यावं: या केंद्रावरचं कुठलं नाटक, कुणाच्या हाती, अजून कुठल्या गावी न्यायला हवं.